मुलाचा मोबाइल त्याच्या नकळत वाचला. आता त्याच्याशी बोलायचे कसे?

गोदाकाठ, रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. येथे मी बरीच वर्षे वाचते आहे, लिहिण्याची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली. थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितले तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला ९१ टक्के गुण मिळवून तो यंदा अकरावी विज्ञानाला गेला. नाव महाविद्यालयात आणि शिकणे जेईई या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये, अशा ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने आम्ही त्याचा प्रवेश घेतला. दोन वर्षांचे शुल्क १,६०,००० रुपये आहे आणि त्यातले ९०,००० भरून झाले आहेत. मी पतसंस्थेत नोकरी करते, यजमान सातपूरला कारखान्यात पाळीवर जातात. ही रक्कम कशी उभी केली ते मुलाने स्वतः पाहिले आहे.

शुक्रवारी रात्री तो मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपला. मी ओटा पुसत असताना स्क्रीन उजळली आणि त्याच्या मित्राचे वाक्य दिसले : ‘या रविवारी पण स्टँडवरच का?’ मोबाइल उघडण्याचा आकडा मला माहीत होता. तिथेच उभी राहून मी वीस मिनिटे मागचे संदेश वाचत गेले.

ऑगस्टच्या मध्यापासून तो रविवारच्या चाचणीला गेलेलाच नाही. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघतो आणि दुपारी एकपर्यंत ठक्कर बाजारच्या बसस्थानकावर बसून राहतो. मित्राने ‘तिथे कशाला?’ असे विचारले, त्यावर त्याने लिहिले होते : ‘इथे कोणी काही विचारत नाही. प्रत्येक जण कशाची तरी वाट बघतच असतो.’ त्याखाली आणखी एक वाक्य होते : ‘घरी सांगितलं तर आईला आधी पैसेच आठवतील.’

आज सकाळी मी त्याला नेहमीप्रमाणे डबा दिला. दीड वाजता तो परत आला, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून गेले, ‘पेपर कसा गेला?’ तो म्हणाला, ‘ठीक.’ सगळे माहीत असताना मी त्याला खोटे बोलायला लावले, ही गोष्ट दुपारपासून मनातून जात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी मोबाइल वाचला हे त्याला सांगावे, की ‘क्लासमधून कळले’ असे सांगून वेळ निभावून न्यावी? आणि यजमानांना आधी सांगावे की नंतर? त्यांचा राग लवकर चढतो, उतरायला मात्र वेळ लागतो.


शमी, सोमवार, सकाळी ६.५५

बाकी चर्चा नंतर होईल. आधी एवढे सांगा : त्याचे जेवण आणि झोप कशी आहे? त्या संदेशांत कुठे ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही होते का? तसे असेल तर आजच कोणाची तरी मदत घ्या. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक अहोरात्र चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पालकही दूरध्वनी करू शकतात.


गोदाकाठ, सोमवार, सकाळी ७.२०

शमी, आपण हे आधी विचारलेत याबद्दल आभार. तसे काही नव्हते, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. जेवण नेहमीसारखे आहे. झोप मात्र कमी झाली आहे. रात्री एक वाजेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा असतो आणि सकाळी सातचा क्लास असतो.


दक्षिणवारा, सोमवार, सकाळी ९.१०

ताई, मोबाइल पाहिलात याचे ओझे मनावर ठेवू नका. सोळा वर्षांचे मूल कायद्याने अल्पवयीन असते आणि त्याची जबाबदारी आपलीच असते.

माझी मुलगी आठवीत असताना तिच्याच वयाची मुलगी असल्याचे भासवून एक माणूस तिच्याशी चार महिने बोलत होता. नंतर त्याने छायाचित्रे मागितली आणि ती मिळेनात तेव्हा तिला धमकावू लागला. तिने आम्हाला अक्षरही सांगितले नव्हते. तिच्या आईने सहज मोबाइल हातात घेतला म्हणून कळले. आम्ही पोलिसांच्या सायबर कक्षाकडे तक्रार केली आणि पुढचा त्रास थांबला. त्या दिवशी पत्नीने ‘हा तिचा खासगी विषय आहे’ असे म्हणून मोबाइल खाली ठेवला असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझी झोप उडवतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : पालकांनी पाहिलेच पाहिजे.


रानजाई, सोमवार, दुपारी १२.३०

दक्षिणवारा, आपल्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते ऐकून वाईट वाटले आणि तुम्ही केलेत ते योग्यच होते. तरीही दुसरी बाजू मांडते, कारण ती मी भोगली आहे.

मी पंधरा वर्षांची असताना रोजनिशी लिहीत असे आणि ती तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवत असे. आईने ती वाचली. तीत वावगे काही नव्हते, शेजारच्या वाड्यातल्या एका मुलाबद्दल दोन-चार ओळी होत्या. आई मला त्यावरून काही बोललीही नाही. फक्त त्या आठवड्यापासून मी गच्चीवर गेले की ती पाठोपाठ कपडे वाळत घालायला येऊ लागली. मला सारे कळले. त्यानंतर मी एकही ओळ लिहिली नाही आणि आईला मनातले असे काही सांगितले नाही. आज माझे वय ४७ आहे, आई ७५ वर्षांची आहे, आम्ही रोज बोलतो, पण ते भाजी, औषधे आणि नातेवाईक यांच्यापलीकडे जात नाही.

तिने वाचले याचे दुःख काही वर्षांत ओसरले. ‘मी वाचले, माझे चुकले’ असे ती कधी म्हणाली नाही, ते मात्र राहून गेले. गोदाकाठ, म्हणून सांगते, ‘क्लासमधून कळले’ असे कृपया म्हणू नका.


गणितगुरुजी, सोमवार, रात्री ८.४५

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे गणित शिकवले. मोबाइलविषयी जाणकार बोलतीलच, मी चाचणीविषयी लिहितो, कारण मूल स्थानकावर जाऊन बसते त्याची सुरुवात बहुधा तिथे झालेली असते.

दहावीला ९१ टक्के मिळवणारा मुलगा अकरावीत गडबडतो, यात त्याचा दोष फारसा नसतो. राज्य मंडळाच्या दहावीत सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात आणि अंतर्गत मूल्यमापनाचेही गुण त्यात असतात. पाठ्यपुस्तक नीट केले की नव्वदच्या घरात जाता येते. जेईई मेन हा वेगळाच प्रकार आहे : तीन विषय, ७५ प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. ज्या मुलाला आयुष्यात नव्वदच्या खाली गुण माहीत नाहीत, त्याच्या हातात एका रविवारी ३०० पैकी ४० गुणांचा कागद पडतो. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत हे अगदी सर्वसाधारण आहे, पण हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. त्यात अनेक क्लास दर चाचणीनंतर तुकड्या बदलतात आणि गुणानुक्रमाची यादी सर्वांच्या मोबाइलवर पाठवतात. मूल वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत जाते, शेजारी बसणारा मित्र तुटतो आणि हे शंभर मुलांना एकाच वेळी कळते. ताई, ऑगस्टच्या मध्यावर त्याची तुकडी बदलली का, एवढे पाहा. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

आणखी एक गोष्ट. इंटिग्रेटेड पद्धतीत महाविद्यालयाची हजेरी कागदावर राहते आणि बारावीच्या अभ्यासाकडे ‘ते शेवटी होईल’ म्हणून पाहिले जाते. पण जेईईतून एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांत जायचे असेल तर बारावीला ७५ टक्के लागतात किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. शिवाय राज्याची एमएचटी-सीईटी हा स्वतंत्र रस्ता आहे. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि बारावीच्या अभ्यासक्रमावर ८० टक्के व अकरावीच्या अभ्यासक्रमावर २० टक्के भर असतो. मुलाला एकच दार दाखवले की ते बंद झाल्यावर तो स्थानकावर जाऊन बसतो. किती दारे आहेत हे आपण घरात मोठ्याने मोजून दाखवले पाहिजे.


कोकणकडा, सोमवार, रात्री १०.०५

गुरुजींबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडतो. आपण मुलांना फार लवकर मोकळे करतो असे मला वाटते. जड गेले की सोड, अपमान वाटला की जाऊ नकोस. पुढे नोकरीत साहेब चारचौघांत बोलला तर हा मुलगा कोणत्या स्थानकावर जाऊन बसणार? मी गावाहून मुंबईला आलो तेव्हा पहिल्या सत्रात तीन विषयांत नापास झालो होतो. वडिलांनी पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली : ‘परत यायचे नाही.’ त्या ओळीने मी टिकलो. मुलाने चाचणीला परत बसले पाहिजे, गुण कितीही पडोत. टाळण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.


एकोणीस_पूर्ण, मंगळवार, रात्री १२.५०

मी येथे बहुधा सर्वांत लहान आहे, म्हणून लिहू की नको असे वाटत होते. दोन वर्षांपूर्वी मी जवळपास हेच केले होते. मी बसस्थानकावर नाही, रेल्वेच्या पादचारी पुलावर उभा राहत असे.

कोकणकडा काका, ‘परत यायचे नाही’ या ओळीने तुम्ही टिकलात, कारण वडिलांना तुमचा निकाल माहीत होता. माझ्या घरी तो कोणालाच माहीत नव्हता. रोज घरी आल्यावर एक खोटे तयार ठेवावे लागे : कोणता धडा झाला, कोण सर आले होते, पेपर लांब होता का. अभ्यासापेक्षा त्याचाच थकवा मोठा होता. खरे सांगायचे तर पहिल्या महिन्यानंतर मी पकडले जाण्याची वाट पाहत होतो. आईने एकदा जरी सरळ विचारले असते तरी मी सांगून टाकले असते. पण ती विचारायची, ‘पेपर कसा गेला?’ आणि त्याला ‘ठीक’ हे एकच उत्तर आहे.

मला शेवटी क्लासच्या सरांनी नव्हे, तर मामाने पाहिले. घरी मात्र ‘क्लासमधून फोन आला होता’ असे मला सांगितले गेले. क्लासमधून कधीही फोन येत नाही, हे मला पक्के माहीत होते. म्हणजे माझ्या खोटेपणावर बोलायला बसलेले लोकही खोटे बोलून सुरुवात करत होते. त्या संध्याकाळी मी एकही शब्द बोललो नाही.

काकू, त्याला खरे सांगा. तो चिडेल, कदाचित खूप चिडेल, पण निदान चिडण्यासारखे काहीतरी खरे त्याच्यासमोर असेल.

मी आता पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे बरे चालले आहे.


पाणकणीस, मंगळवार, सकाळी १०.१५

शुल्काविषयी थोडे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क १० दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, हेही त्यांतच आहे. अंमलबजावणी राज्यांकडे असल्यामुळे नुसत्या सूचनेवर पैसे हातात पडतील असे समजू नका, पण लेखी अर्ज करताना तिचा उल्लेख जरूर करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि भरलेल्या पावत्या जपून ठेवा. तोंडी बोलण्याचा काहीच उपयोग होत नाही.


मधली_सुट्टी, मंगळवार, दुपारी ३.४०

मी १४ वर्षे शाळेत समुपदेशक आहे. एकोणीस_पूर्ण यांनी जे लिहिले ते आमच्या पुष्कळ प्रशिक्षणांत सांगूनही लोकांना उमगत नाही. त्यांचे मनापासून आभार.

रात्रीच्या दिव्याविषयी आधी बोलते. या वयात झोपेची वेळ शरीरातच पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन मोठ्या माणसांच्या मानाने उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. एक वाजता झोपून सहाला उठणाऱ्या मुलाच्या हातून कठीण प्रश्न सुटत नाहीत आणि कठीण बोलणेही पेलत नाही. म्हणून हा विषय रात्री काढू नका. समोरासमोर बसवूनही नको, त्याला ती चौकशी वाटते. शेंगा सोलताना, चालताना, बसमध्ये शेजारी बसून, अशा वेळी मुले अधिक बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही.

पहिली दोन-तीन वाक्ये आधी मनात ठरवून ठेवा आणि ती स्वतःविषयी असू द्या. ‘मी शुक्रवारी तुझा मोबाइल वाचला. तुला न विचारता वाचला, ते मी करायला नको होते. तू रविवारी कुठे असतोस ते मला कळले आहे, आणि मला राग आलेला नाही, काळजी वाटते आहे.’ मग थांबा. ही शांतता पालकांना फार जड जाते आणि ते ती प्रश्नांनी भरून काढतात. भरू नका. पैशांचा विषय त्या दिवशी अजिबात नको, त्याने तो आधीच मनात धरला आहे.

यजमानांना मुलाच्या आधी सांगू नका, असे माझे मत आहे. मात्र फार दिवस लपवूही नका. मुलालाच विचारा की बाबांना कोणी सांगायचे, त्याने की तुम्ही. त्या निवडीने त्याच्या हातात थोडे काहीतरी राहते.

शमी यांनी विचारले ते पुढेही डोळ्यांपुढे ठेवा. मित्रांना टाळणे, आवडीच्या वस्तू देऊन टाकणे, जेवण सुटणे, निरवानिरवीचे बोलणे असे काही दिसले तर ‘जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?’ असे सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.


मेलबर्नवासी, मंगळवार, संध्याकाळी ५.२०

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांवर आहे, मुलांना किंवा पालकांना दंड नाही. माझी धाकटी चौदा वर्षांची आहे. कायद्यामुळे ‘सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही’ हा वाद घरातून संपला, ही सोय मोठी झाली. पण साधे संदेश पाठवण्याची साधने त्या बंदीत नाहीत, त्यामुळे गोदाकाठ यांच्यापुढचा प्रश्न येथेही तसाच शिल्लक आहे : मुलाने मित्राला लिहिलेले आईने वाचावे का. तो कोणत्याही संसदेला सोडवता येण्यासारखा नाही.


दक्षिणवारा, मंगळवार, रात्री ९.३०

रानजाई आणि एकोणीस_पूर्ण यांचे वाचून मी दिवसभर विचार करत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात एक गोष्ट लिहायची राहिली. त्या प्रसंगानंतर आम्ही मुलीचा मोबाइल पाहतो तो तिच्या माहितीने. दर रविवारी ती स्वतः आणून देते, अनोळखी खाती कोणती आली एवढेच पाहायचे, मैत्रिणींशी झालेले बोलणे उघडायचे नाही, असे आमचे ठरले आहे. दहावीनंतर हेही बंद करायचे, असे तिने कागदावर लिहून घेतले आहे. ‘पालकांनी पाहिलेच पाहिजे’ असे मी लिहिले होते, त्यात ‘मुलाला सांगून’ हे शब्द घालून वाचावे.


आजोळ, बुधवार, सकाळी ६.१०

माझी नातवंडे मला पुष्कळ काही सांगतात आणि सुनेला त्यातले काय काय ते जाणून घ्यायचे असते. मी तिला सांगते, जीवाला धोका असेल ते तुला त्याच दिवशी सांगेन, बाकीचे माझ्यापाशी राहील. गोदाकाठ, घरात किंवा नात्यात असे एखादे माणूस असेल तर मुलाला त्याच्याकडे जाऊ द्या, आणि परत आल्यावर ‘काय बोललात?’ असे विचारू नका.


गोदाकाठ, पुढच्या आठवड्यातील शुक्रवार, रात्री १०.५०

सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

रविवारी सकाळी तो बूट घालत असताना मी म्हणाले, ‘मीही येते, स्टँडपर्यंत.’ त्याचा हात नाडीवरच थांबला. मधली_सुट्टी यांनी सुचवलेली वाक्ये मी पाठ केली होती, तरी निम्मी विसरले. पण मोबाइल मी वाचला आणि ते चुकले, एवढे नीट सांगितले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘सगळं वाचलंस?’ मी हो म्हणाले. त्या संदेशांत क्लासपलीकडचेही काही होते, एका मुलीविषयी, ते मी येथे लिहिले नव्हते. त्याचे कान लाल झाले. बूट काढून तो खोलीत गेला आणि दार लावून घेतले. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मोबाइलचा आकडा बदलला. मी दारावर थाप मारली नाही, जेवायला हाक मारली की तो येत असे.

मंगळवारी मी पोळ्या करत असताना तो आत आला आणि ओट्यावर चाचणीच्या कागदांची घडी ठेवली. सगळ्यांत वरच्या कागदावर ३०० पैकी ३८ होते. गुरुजी, आपला अंदाज खरा ठरला : त्याच आठवड्यात त्याची तुकडी बदलली होती. पोळी तव्यावर करपली, मला ते कळलेही नाही. मी एवढेच म्हणाले, ‘हे एवढे दिवस एकट्याने सांभाळलेस?’ त्यावर तो रडला, दहावीच्या निकालानंतर प्रथमच. मग स्वतःहून सांगितले की क्लासमध्ये पालकांचा म्हणून त्याने स्वतःचाच दुसरा क्रमांक दिला होता, त्यामुळे गैरहजेरीचे संदेश त्यालाच येत होते. क्लास काही कळवत नाही म्हणून मी त्यांच्यावर मनातून चिडले होते, ते काढून टाकले.

बाबांना मी सांगावे असे तो म्हणाला, पण स्वतः शेजारच्या खोलीत बसून राहिला. यजमान दुसऱ्या पाळीहून आले होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प होते. मला वाटले, आता आवाज चढणार. ते उठून त्याच्याकडे गेले आणि त्याला विचारले, ‘सकाळी स्टँडवरून पहिली गाडी कुठली सुटते रे?’ त्याने सांगितली. मग त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड, धुळे, पुणे, सगळ्या गाड्यांच्या वेळा, कोणती नेहमी उशिरा येते, कोणता वाहक प्रवाशांवर ओरडतो, अर्धा-पाऊण तास हेच चालले होते. चाचणीचा शब्दही निघाला नाही. यजमान नंतर मला म्हणाले की इतके तो त्यांच्याशी गेल्या वर्षभरात बोलला नव्हता.

अजून काही ठरलेले नाही. कोकणकडा, आपले म्हणणेही मी त्याला वाचून दाखवले. टाळण्याची सवय वाईट हे त्याला पटते, पण त्या तुकडीत परत बसायचे की क्लास सोडून महाविद्यालयात नियमित जायचे, हे सहामाहीनंतर ठरवू असे तिघांनी मिळून ठरवले. तोवर रविवारची चाचणी तो घरी, जेवणाच्या टेबलावर, घड्याळ लावून सोडवणार आहे. पाणकणीस यांनी सांगितल्याप्रमाणे पावत्या एकत्र करून ठेवल्या आहेत.

मोबाइलचे मात्र मिटलेले नाही. ‘पुन्हा उघडणार नाही’ असे मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘तू म्हणतेस ते ऐकलं. पण मला अजून खात्री वाटत नाही.’ यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते.


रानजाई, शनिवार, सकाळी ८.००

तो हे तुम्हाला तोंडावर म्हणाला, गोदाकाठ. मी माझ्या आईला कधीच म्हणू शकले नाही.


गणितगुरुजी, शनिवार, सकाळी ११.२०

ताई, ३८ गुणांचा तो कागद टाकून देऊ नका. त्याला विचारा, किती बरोबर, किती चूक आणि किती सोडले. मग चुकलेल्या प्रश्नांपुढे खुणा करायला सांगा : येत होते पण गडबड झाली, येतच नव्हते आणि नुसता अंदाज लावला. हे त्याने स्वतः करावे, आपण शेजारीही बसू नये.


गोदाकाठ, रविवार, दुपारी २.१५

गुरुजी, आपला प्रतिसाद मी त्याला दाखवला. त्याने काल रात्री बसून हिशेब केला आणि मला येथे लिहायला परवानगी दिली आहे. १७ बरोबर, ३० चूक, २८ सोडलेले. त्या तीसपैकी १९ ठिकाणी नुसता अंदाज होता. शेजारचा मुलगा भराभर सगळे सोडवत होता, त्यामुळे रिकामे सोडायची लाज वाटली, असे तो म्हणाला. ते १९ सोडून दिले असते तर ५७ गुण झाले असते, हे त्याने पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात लिहिले आहे.

आज सकाळी त्याने घरीच चाचणी दिली. मी ‘पेपर कसा गेला?’ असे विचारले नाही. जेवताना तोच म्हणाला, ‘आज बत्तीस सोडले.’